घाटमाथ्यावर जपलेला गेरवा

महाबळेश्वर म्हटलं की स्ट्रॉबेरी, मध, लाल मुळे आणि पॉइंट आठवतात. आम्हा बिरवाडी, महाड, पोलादपूरकडच्या बायकांना मात्र महाबळेश्वर म्हणजे आंबेनळी घाटाच्या वरचं टोक. पोलादपूरहून एसटीत बसायचं, प्रतापगडाचा फाटा मागे टाकायचा, आणि चाळीसेक किलोमीटरमध्ये घामाच्या धारांतून एकदम शालीच्या थंडीत! जी सावित्री आपल्या पोलादपूर-महाडाला कधी पोसते, कधी घाबरवते, ती तिथेच उगम पावते. तेव्हा तसं पाहिलं तर आपलं शेजारघरच.

या शेजारघरात एक सरकारी जागा अशी आहे की पर्यटक तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. तिचं नाव ‘गहू गेरवा संशोधन केंद्र’. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे ते आहे आणि त्याचं काम विद्यापीठाच्याही आधीपासूनचं, अगदी स्वातंत्र्यापूर्वीचं आहे. नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गंमतच वाटली होती. महाबळेश्वरला गव्हाची शेतं कुठे आहेत? आणि आपल्याकडे खाली तर प्रश्नच नाही. आपण भात, नाचणी, वरी लावणारी माणसं. भात काढल्यावर वाल, पावटा. गहू आपल्या दारात येतो तो दुकानातून नाहीतर रेशनवरून. मग गव्हाच्या रोगाचं एवढं मोठं केंद्र साडेचार हजार फुटांवर, साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या डोंगरात कशाला?

कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी मला हे समजावून सांगितलं. त्यानंतर मी त्याबद्दल बरंच वाचलं. आपल्या रोजच्या पोळीशी याचा इतका जवळचा संबंध आहे की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

गेरवा म्हणजे तांबेरा. गेरूसारखा रंग म्हणून गेरवा. गव्हाच्या पानावर किंवा खोडावर बारीक पुळ्या येतात, त्या फुटतात आणि त्यांतून विटकरी भुकटी बाहेर पडते. पांढरी साडी नेसून अशा शेतातून चालत गेलं तर निऱ्या गेरूत बुडवल्यासारख्या होतात. ही भुकटी म्हणजे बुरशीची बीजं. एका पुळीतून हजारो बीजं उडतात, वाऱ्याबरोबर मैलोन् मैल जातात, दुसऱ्या पानावर बसतात. रात्री दव पडलं की रुजतात आणि दहा-बारा दिवसांत तिथे नव्या पुळ्या! गव्हाचा तांबेरा तीन प्रकारचा. पानावर येतो तो नारिंगी किंवा तपकिरी. खोडावर येतो तो काळा, आणि तोच सगळ्यात दुष्ट. तिसरा पिवळा, पट्ट्यापट्ट्यांचा. त्याला कडक थंडी लागते, म्हणून तो उत्तरेकडच्या शेतकऱ्यांची डोकेदुखी. आपल्या महाराष्ट्राला भीती पहिल्या दोघांची.

हा रोग दाणा खात नाही, पण दाण्याच्या तोंडचा घास काढून घेतो. पानाने तयार केलेलं अन्न बुरशीच्या पोटात जातं, खोडाची साल फाटते, झाड सुकतं, आणि ओंबीत राहतो तो सुरकुतलेला, बारीक दाणा. काळा तांबेरा जोरात आला तर तीन आठवड्यांपूर्वी डोलणारं शेत कापणीच्या वेळी नुसतं काड उरतं. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात असंच झालं होतं. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, धान्याची आधीच टंचाई, आणि त्यात हे! जुन्या रोममध्ये तर या रोगाचा एक देवच होता, रोबिगस. दरवर्षी २५ एप्रिलला त्याच्यापुढे कुत्र्याचा बळी देत, गहू वाचव म्हणून. आपल्याकडे भातावर करपा पडला की राखणदाराला नारळ दिला जातो. माणूस सगळीकडे सारखाच, नाही का?

मग हा तांबेरा दरवर्षी येतो तरी कुठून? उन्हाळ्यात मैदानी भागात गहू उभा नसतो. वरून पंचेचाळीस अंशांचं ऊन, त्यात बुरशीची बीजं जळून जातात. तरी पुढच्या हिवाळ्यात रोग हजर! हे कोडं सोडवलं आग्र्याच्या प्राध्यापक करमचंद मेहतांनी. १९२० च्या दशकापासून त्यांनी या एका प्रश्नाला आयुष्य वाहिलं. हवेत चिकट काचपट्ट्या लावून ते त्यांवर अडकलेली बीजं सूक्ष्मदर्शकाखाली मोजत. त्यांनी दाखवून दिलं की तांबेरा उन्हाळाभर डोंगरात जिवंत राहतो. उत्तरेला हिमालयात, दक्षिणेला निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत. तिथे थंड हवेत कुठे ना कुठे हिरवा गहू असतोच, त्यावर तो मुक्काम करतो आणि हिवाळ्यात वाऱ्यावर बसून खाली उतरतो. पुढच्या शास्त्रज्ञांनी त्यात भर घातली, की नोव्हेंबरच्या सुमारास दक्षिणेच्या समुद्रात वादळ होऊन ते मध्य भारताकडे सरकलं तर निलगिरीचा काळा तांबेरा त्या ढगांबरोबर येतो आणि पावसाबरोबर आपल्या दख्खनच्या शेतांत उतरतो. टीव्हीवर नोव्हेंबरातल्या वादळाची बातमी लागली की आपण वाळत घातलेल्या भाताची काळजी करतो. गव्हाचे शास्त्रज्ञ वेगळीच काळजी करत असतात.

आता महाबळेश्वरच का, ते सांगते. तांबेऱ्याची बुरशी मोठी मानी आहे. ती बाटलीत, बशीत, साखरेच्या पाण्यावर वाढत नाही. तिला जिवंत गहूच लागतो. म्हणजे आपल्या विरजणासारखं बघा. थोडं शिल्लक ठेवायचं, नव्या दुधाला लावायचं, पुन्हा थोडं ठेवायचं. एक दिवस विसरलं की शेजारणीकडे वाटी घेऊन जायची वेळ! तसं या केंद्रात कुंड्यांमध्ये कोवळा गहू उगवायचा, त्यावर तांबेरा लावायचा, तो पिकला की त्याची भुकटी गोळा करून पुढच्या कुंडीतल्या रोपांना लावायची. असं वर्षभर. हे पुण्या-नगरच्या उन्हाळ्यात जमणं कठीण, महाबळेश्वरच्या थंड, ओलसर हवेत जमतं. शिवाय हिवाळ्यात शेतातही रोग मनासारखा वाढतो. ज्या रोगाला सगळे घालवू पाहतात, त्याला इथे जपून वाढवतात.

जपायचं कशासाठी? तर गव्हाची परीक्षा घेण्यासाठी. निफाड, पुणे, इंदूर, कर्नाल, धारवाड अशा ठिकाणी गव्हाचे नवे वाण तयार होतात. त्यातला कोणता तांबेऱ्याला पुरून उरेल हे नुसतं बघून कळत नाही. ज्या वर्षी रोगच आला नाही त्या वर्षी सगळेच वाण निरोगी दिसतात. सासर कसं आहे ते पाहुणचाराच्या दिवसांत कुठे कळतं? म्हणून मुद्दाम रोग आणायचा आणि मग पाहायचं.

ही परीक्षा कशी होते ते ऐकण्यासारखं आहे. प्रत्येक नव्या वाणाची एकेक छोटी ओळ पेरतात. ठरावीक ओळींनंतर आणि चारही बाजूंनी एक अशी गव्हाची ओळ लावतात, जी तांबेऱ्याला हमखास बळी पडते. ‘आग्रा लोकल’ हा जुना वाण त्यासाठी प्रसिद्ध आहे. बिचाऱ्याचं कामच आजारी पडायचं! झाडं जोमात आली की बुरशीची भुकटी पाण्यात कालवतात, ती पानाला चिकटावी म्हणून साबणासारखा एक थेंब घालतात आणि संध्याकाळी, दव पडायच्या बेताला, फवारतात. काही झाडांना तर डॉक्टरांसारखी सुई टोचून खोडात रोग घालतात. पाणी भरपूर देऊन शेत ओलं ठेवतात. पंधरा दिवसांत बळीच्या ओळी लाल होतात आणि तिथून रोग सगळ्यांवर चाल करून जातो.

मग सुरू होते गुणांची नोंद. वही घेऊन एकेका ओळीपाशी वाकून पाहायचं, की पान किंवा खोड शंभरातले किती टक्के पुळ्यांनी भरलं आहे आणि पुळी कशी आहे. मोठी, फुटलेली, मस्तवाल पुळी असेल तर इंग्रजी ‘एस’, म्हणजे रोगाला बळी. बारीक आणि भोवती पिवळी कडा असेल, म्हणजे झाडाने तिला रोखून धरलं असेल, तर ‘आर’. मधल्या पायऱ्या ‘एम आर’ आणि ‘एम एस’. ‘८० एस’ लिहिलं की तो वाण नापास. पुढे याचं गणित होतं. ‘एस’ला १ ने गुणायचं, ‘एम एस’ला ०.८ ने, ‘एम आर’ला ०.४ ने, ‘आर’ला ०.२ ने. म्हणजे ८० एस चे झाले ८०, पण ४० एम आर चे फक्त १६. इथे जितके गुण कमी तितका विद्यार्थी हुशार! अशी नोंद एका ठिकाणी घेऊन भागत नाही. देशभरच्या अनेक केंद्रांवर तेच वाण त्याच पद्धतीने तपासतात, निलगिरीतल्या वेलिंग्टनलाही. सगळीकडचे गुण एकत्र करून, काही वर्षं सतत पास होणारा वाणच शेतकऱ्यापर्यंत जातो. पहिल्या संकरापासून पिशवीतल्या बियाण्यापर्यंत आठ-दहा वर्षं सहज जातात.

एवढं करून निवांत बसता येत नाही, कारण बुरशीही हुशार आहे. ती रूप बदलते. तिच्या उपजाती आहेत आणि त्यांना ७७-५, ४०-ए अशी कैद्यांसारखी नंबरांची नावं आहेत. शेतातून गोळा केलेली रोगट पानं सिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात जातात आणि तिथे यंदा कोणती उपजात फिरते आहे ते ओळखतात. एका कुलपावर विसंबलेल्या घराची किल्ली चोराला मिळाली की संपलं. म्हणून नव्या वाणांमध्ये दोन-तीन कुलपं एकदम बसवायचा प्रयत्न असतो. १९९८ साली युगांडात नेमकं हेच झालं. जगभरच्या गव्हात बसवलेलं एक भरवशाचं कुलूप काळ्या तांबेऱ्याच्या एका नव्या उपजातीने उघडलं. तिला ‘यूजी ९९’ म्हणतात. ती केनिया, इथिओपियातून सुदानला गेली, येमेनला गेली आणि २००७ मध्ये इराणमध्ये सापडली. हरितक्रांतीचे नॉर्मन बोरलॉग तेव्हा नव्वदीच्या घरात होते. त्या वयात त्यांनी २००५ मध्ये जगाला सावध केलं. भारताने आपले वाण केनियातल्या न्जोरो इथे पाठवून त्या उपजातीसमोर उभे करून तपासले. ती भारतात सापडलेली नाही. पण ती आलीच तर काय, याचं उत्तर ती यायच्या आधी तयार ठेवण्याची ही धडपड आहे.

आमच्या महिला बचत गटाला या साऱ्याची झळ एकदा चांगलीच बसली. बिरवाडीत घाटावरून सुना म्हणून आलेल्या बायका बऱ्याच, त्यामुळे चैत्रात कुरडया होतात आणि एमआयडीसीतल्या वसाहतींत त्या खपतातही. एका वर्षी गटाने कुरडयांसाठी जरा स्वस्तातला गहू घेतला. तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं, वाटला, पिळला. पण चीक काही बसेना! दरवर्षी भरणारं पातेलं जेमतेम निम्मं. कोंडाच कोंडा. गटाचं कर्ज, गॅस, मजुरी, सगळं गणित कोलमडलं. आमच्यातल्या एक आक्का वाईकडच्या, माहेरी गव्हाची शेती. त्यांनी उरलेल्या पोत्यात हात घातला, दाणे तळहातावर पसरले आणि म्हणाल्या, ‘‘ताई, ह्यो गहू पोटात भरलाच न्हाई बघा. गेरव्यानं खाल्ल्याला दिसतोय. आमच्याकडं असा गहू कोंबड्यांना घालत्यात.’’

मी त्यांना म्हटलं, ‘‘आक्का, उन्हानंसुद्धा असा होतो म्हणे.’’

‘‘व्हतो की. फेब्रुवारीत ऊन तापलं, न्हाईतर पेरा उशिरा झाला, तरी दाना असाच वाळतो. पर आपलं पैसं गेलं ते गेलंच न्हवं?’’

खरं होतं ते. सुरकुतलेल्या दाण्यावरून नक्की कारण सांगता येत नाही. आपल्या राज्यात थंडी कमी आणि लवकर सरणारी, म्हणून गव्हाचं उत्पन्न देशाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपासच राहतं. त्यात रोग आला तर दुष्काळात तेरावा महिना. आमचे गेले ते काही हजार रुपये. ज्या बाईचं एकरभर शेत त्याच गव्हाचं होतं तिचं काय झालं असेल, हे मात्र माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेलं नाही.

तांबेऱ्यावर औषध आहे, मॅन्कोझेबसारखी बुरशीनाशकं फवारतात. पण त्याला पैसे लागतात, पाणी लागतं, आणि बऱ्याच घरांत पंपाला पाणी वाहून आणायचं काम बायकांकडेच येतं. बियाण्यातच ताकद असेल तर शेतकऱ्याला वेगळा खर्च नाही. म्हणून मला वाटतं, घाटमाथ्यावर वाकून पुळ्या मोजणाऱ्या माणसांचं काम फार मोलाचं आहे आणि आपण त्याची दखल फार कमी घेतो. सातारा जिल्ह्यातल्या करंजखोप गावाचं उदाहरण २०२१ मध्ये वाचनात आलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा ‘एमएसीएस ६४७८’ हा वाण तिथल्या शेतकऱ्यांनी लावला. पान आणि खोड, दोन्ही तांबेऱ्यांना तो दाद देत नाही. आधी लोकवनसारख्या जुन्या वाणांचं हेक्टरी २५ ते ३० क्विंटल मिळायचं, तिथे ४५ ते ६० मिळालं.

लोकवनाचं नाव निघालंच आहे तर सांगते. आपण दुकानात ‘लोकवन द्या’ म्हणतो तो मूळचा गुजरातमधल्या सणोसरा इथल्या लोकभारती संस्थेचा ‘लोक-१’. ‘लोकभारती’मधला तो ‘लोक’. पोळी मऊ, दाणा टपोरा, लवकर तयार होणारा. चाळीसेक वर्षं घराघरांत टिकून आहे. पण तांबेऱ्यासमोर तो नाजूक. आपल्याला तो आवडतो म्हणून व्यापारी मागतो, व्यापारी मागतो म्हणून शेतकरी पेरतो. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती असे वाण दिले, पण आपल्यापैकी किती जणींनी दुकानात ही नावं घेतली आहेत? मीही हे केंद्राबद्दल वाचेपर्यंत ऐकली नव्हती.

आणि आता खपली. ही माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट. आपल्या आज्या खिरीसाठी जो जाडसर, लालसर गहू मागवायच्या, ज्याचं टरफल सुटता सुटत नाही, म्हणून कांडावा लागतो, तो खपली गहू. सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगावकडे तो पूर्वापार आहे. अमेरिकेत मिनेसोटाच्या स्टॅकमन नावाच्या शास्त्रज्ञांनी १९२२ मध्ये काळ्या तांबेऱ्याच्या उपजाती ओळखण्यासाठी जगभरातून बारा गहू निवडले. कोणत्या गव्हावर पुळी येते आणि कोणत्यावर येत नाही यावरून उपजात कोणती ते ठरवायचं. त्या बारांत एक होता आपला खपली, आणि नावही तेच, खपली! भल्याभल्या उपजातींना तो दाद देत नसे. त्याच्यातली प्रतिकाराची जनुकं पुढे शास्त्रज्ञांनी शोधून काढली, त्यांना ‘एसआर १३’, ‘एसआर १४’ असे नंबर मिळाले. बोरलॉग हे याच स्टॅकमन यांचे विद्यार्थी. आज शहरात मधुमेहवाल्यांसाठी म्हणून खपली महागड्या पाकिटांतून मिळतो. आघारकर संस्थेने त्याचा बुटका, न लोळणारा वाणही काढला आहे. पण आज्यांनी, मामींनी दरवर्षी दोन पायली बाजूला ठेवून ते बी टिकवलं, हे कुठल्या पाकिटावर छापलेलं नसतं.

गव्हासाठी महाबळेश्वर, तसं आपल्या भातासाठी कर्जतचं केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथे भातावरच्या करप्याची परीक्षा अशाच पद्धतीने होते, रोगट ओळी मधे लावून. आपल्या वावरात करपा दरवर्षी येत असेल तर कृषी सहायकाला ‘करप्याला टिकणारं बी कोणतं?’ असं नाव घेऊन विचारा. नुसतं ‘चांगलं बी द्या’ म्हटलं की जे शिल्लक असेल ते मिळतं.

एक शंका बायका हमखास विचारतात, की तांबेरा पडलेला गहू खाल्ला तर काही होतं का? नाही. ही बुरशी पानाखोडावर असते, माणसाला बाधत नाही. फक्त पीठ कमी, कोंडा जास्त, चीक कमी. दाण्यातच काळी भुकटी असेल किंवा माशासारखा वास येत असेल तर तो वेगळा रोग, तो गहू घेऊ नये.

वर्षाचा गहू भरताना आमचा गट आता एक साधी परीक्षा घेतो. नवा गहू मार्चमध्ये बाजारात येऊ लागतो, तेव्हा दोन-तीन दुकानांतून मूठमूठ नमुना आणायचा. एक हजार दाणे मोजायचे, मुलांना बसवलं तर दहा मिनिटांत होतात. किराणा दुकानातल्या किंवा सोनाराच्या काट्यावर त्यांचं वजन करायचं. चाळीस ग्रॅमच्या आसपास भरले तर गहू पोटात भरलेला. तीसच्या खाली गेला तर किलोमागे दोन रुपये कमी असले तरी घ्यायचा नाही, निदान कुरडयांसाठी तरी. दुकानदार सुरुवातीला हसला. नंतर त्यानेच आम्हाला विचारलं, ‘‘काकू, या लॉटचे किती भरले?’’